चांगुलपणाचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात रात्री चित्रपट दाखवला जातो आणि सकाळी त्याच्यावर चर्चा होते, तेव्हा एक गमतीचे दृश्य पुष्कळदा पाहायला मिळते. रात्री अंधारात डोळे पुसणारा कार्यकर्ता सकाळच्या उजेडात त्याच चित्रपटाला भाबडा, स्वप्नाळू आणि वर्गसंघर्षावर पांघरूण घालणारा ठरवून मोकळा होतो. रात्रीचे अश्रू खोटे नसतात, आणि सकाळचा युक्तिवादही सर्वस्वी चुकीचा नसतो. परंतु या दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही. परिणामी कार्यकर्ता आपल्या भावनेविषयी शरमिंदा राहतो आणि विचाराविषयी अकारण गर्विष्ठ होतो. ज्या चळवळीला माणसे जोडावयाची आहेत तिला हे दोन्ही परवडणारे नाही.

माणुसकीवरील चित्रपटांविषयी समाजवादी माणसाला वाटणारा संशय निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. हिंदी पडद्यावर आजवर कितीतरी गिरणीमालकांना आणि जमीनदारांना अखेरच्या रिळात पश्चात्ताप झाला. मालकाच्या मुलीने मजुराच्या मुलाशी लग्न केले की संप मिटतो, वाढीव मजुरीचा प्रश्न मंगलाष्टकांत विरून जातो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. असल्या चित्रपटांत चांगुलपणा वरून खाली झिरपतो. देणारा देणाराच राहतो आणि घेणारा घेणाराच. फक्त दोघांच्याही डोळ्यांत पाणी असते. मालमत्तेच्या वाटपात कवडीचाही फरक न पडता समाधानाचे भरघोस उत्पादन होते. या चित्रपटांना भाबडे म्हणणे हा वस्तुतः त्यांचा गौरव आहे. ते चांगले हिशेबी असतात.

परंतु माणुसकीच्या चित्रपटांची दुसरीही एक जात आहे. तीत चांगुलपणा आडवा वाहतो, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. ही जात ओळखण्यासाठी चित्रपटकलेचे मोठे ज्ञान लागत नाही. पडद्यावर पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातो ते पाहावे, आणि कथेतला चांगला माणूस निघून गेल्यावर मागे काय उरते ते पाहावे. या दोन कसोट्या लावल्या की पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

पहिले उदाहरण अमेरिकेचे, आणि तेही भांडवलशाहीच्या ऐन माहेरचे आहे. फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला. काप्रा सिसिलीच्या गरीब कुटुंबातला; १९०३ मध्ये लहान वयात आईबापांबरोबर तो अमेरिकेत आला. डावा मात्र तो मुळीच नव्हता. रिपब्लिकन पक्षाकडे त्याचा कल होता आणि रूझवेल्ट यांच्या धोरणांना त्याचा विरोध होता. असे असूनही एफ. बी. आय. या अमेरिकन तपास खात्याने १९४७ च्या एका टिपणात या चित्रपटाची दखल घेतली. चित्रपटात बँकवाल्याला दुष्ट रंगवले आहे आणि ही कम्युनिस्टांची नेहमीची युक्ती आहे, असा अभिप्राय खबऱ्यांच्या हवाल्याने त्यात नमूद आहे. पोलीस खात्याची कलासमीक्षा सहसा मनावर घेऊ नये. पण या ठिकाणी खात्याला काहीतरी जाणवले होते खरे.

या चित्रपटाची कथा सांगताना लोक देवदूताची गोष्ट आधी सांगतात. आत्महत्येला निघालेल्या जॉर्ज बेलीला एक देवदूत थांबवतो आणि तो जन्मलाच नसता तर गाव कसे झाले असते ते दाखवतो, ही ती गोष्ट. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी संस्थेची गोष्ट सांगावी. जॉर्जच्या वडिलांनी बेडफर्ड फॉल्स या छोट्या गावात एक घरबांधणी पतसंस्था चालवलेली असते. अशा संस्था अमेरिकेत १८३१ पासून होत्या; पहिली फिलाडेल्फियाजवळच्या एका वस्तीत निघाली. कामगार, कारागीर, लहान दुकानदार अशा सभासदांनी दरमहा थोडी थोडी रक्कम भरावयाची आणि साठलेल्या पैशातून सभासदांनाच घरासाठी कर्ज द्यावयाचे, एवढाच तिचा व्यवहार. मराठी माणसाला भिशी ठाऊक आहे आणि सहकारी पतपेढीही ठाऊक आहे. त्या दोहोंच्या मधली ही रचना समजावी. गावात पॉटर नावाचा एक धनाढ्य आहे. भाड्याच्या खुराड्यांचा तो मालक आहे, आणि गावातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्या मुठीत आहे. मुठीबाहेर आहे ती एवढी पतसंस्था. माणसाला स्वतःचे घर मिळाले की तो पॉटरचा भाडेकरू राहत नाही. संघर्षाचे मूळ इतके साधे आणि इतके आर्थिक आहे. पॉटर कुरूप आहे, चिडखोर आहे, ही नंतरची सजावट.

चित्रपटाचे मर्म सांगणारा प्रसंग १९३२ च्या मंदीतला आहे. जॉर्ज आणि मेरी यांचे लग्न नुकतेच लागले आहे. दोघे मधुचंद्रासाठी टॅक्सीतून निघाले आहेत. वाटेत दिसते की बँकेसमोर झुंबड उडाली आहे, आणि पतसंस्थेच्या दारातही लोक जमले आहेत. बँकेने संस्थेला दिलेले कर्ज अचानक परत मागितले आहे. हाताशी रोकड नाही. सभासद आपले पैसे तत्काळ मागत आहेत. पॉटरने निरोप पाठवला आहे की संस्थेचा भाग माझ्याकडे आणा, डॉलरला पन्नास सेंट रोख देतो.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रसंगाचे वर्णन अनेक पानांत केलेले असते. संस्थेने घेतलेले पैसे दीर्घ मुदतीच्या कर्जात गुंतलेले असतात, म्हणून सर्व ठेवीदार एकाच दिवशी दारात आले तर कोणतीही सचोटीची संस्थासुद्धा उभी राहू शकत नाही. दुसरे धावणार अशी शंका आली की प्रत्येकाने आधी धावणे हेच प्रत्येकाच्या फायद्याचे होते. एकेकट्याच्या शहाणपणाची बेरीज सर्वांच्या दिवाळ्यात होते. याच्यावर उपाय दोनच आहेत. एक तर शासनाने ठेवींची हमी द्यावी, किंवा ठेवीदारांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा. पहिला उपाय अमेरिकेत बँकांच्या बाबतीत १९३३ च्या कायद्याने आणि अशा पतसंस्थांच्या बाबतीत १९३४ च्या कायद्याने आला. चित्रपटातील दिवस त्याच्या आधीचा आहे. म्हणून जॉर्जपाशी फक्त दुसरा उपाय आहे.

जॉर्ज लोकांना सांगतो की तुमचा पैसा तिजोरीत नाही. तो तुमच्याच शेजाऱ्यांच्या घरांच्या भिंतींत आहे. याच एका बोलण्यात सहकाराचे सारे तत्त्वज्ञान येऊन जाते. परंतु काप्राचा मोठेपणा असा की एवढ्या भाषणाने कोणाचेही मन पालटत नाही. लोकांना औषधाचे, किराण्याचे, घरभाड्याचे पैसे हवेत. ते तत्त्वज्ञानाने भागत नाहीत. तेव्हा मेरी मधुचंद्रासाठी जवळ ठेवलेले दोन हजार डॉलर वर काढते. पहिला सभासद हट्टाने आपले सगळे, म्हणजे दोनशे बेचाळीस डॉलर मागतो आणि घेऊन जातो. त्याला कोणी नावे ठेवत नाही. पुढचा माणूस वीस डॉलरांवर भागवतो. एक बाई दबकत विचारते, साडेसतरा मिळतील का? मागण्याचा आवाज कसा खाली येत जातो ते पाहण्यासारखे आहे. ती माणसे आपली गरज मोजू लागली आहेत, आणि मोजताना मागे उभ्या असलेल्या माणसाचाही विचार करू लागली आहेत. संध्याकाळी सहाचे ठोके पडतात तेव्हा संस्थेत दोन डॉलर उरलेले असतात. संस्था जगली आहे.

साडेसतरा डॉलर मागणाऱ्या त्या बाईसाठी हा चित्रपट पाहावा. वर्गजाणीव म्हणून जी गोष्ट व्याख्यानांतून सांगितली जाते, ती त्या बाईच्या दबक्या आवाजात ऐकू येते.

यापुढच्या कथेतही पैशाचा मागोवा घेण्यासारखा आहे. पॉटर जॉर्जला वर्षाला वीस हजार डॉलर पगार देऊ करतो आणि जॉर्ज मोहात पडता पडता भानावर येतो. चळवळीतल्या किती हुशार तरुणांना असे देकार आले, आणि किती जण भानावर आले, याची नोंद कोणत्या कार्यालयात ठेवलेली नाही. पुढे नाताळच्या आदल्या दिवशी जॉर्जचे विसरभोळे काका संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात. ते पाकीट नेमके पॉटरच्या हाती लागते आणि तो ते गिळून बसतो. आठ हजारांची रोकड एका विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या हाती एकट्याने बँकेत पाठवणारी संस्था कोणत्याही लेखापरीक्षकाला पसंत पडणार नाही. या बाबतीत सहानुभूती बाजूला ठेवून जॉर्जला दोष दिलाच पाहिजे. शेवटी गावकरी टोपलीत पैसे आणून ओततात. साठवलेली मोड, कोणाचा पगार, कोणाचा गल्ला. त्याच वेळी एका श्रीमंत मित्राची तार येते की पंचवीस हजार डॉलरपर्यंत उचल करा. ही तार नसती तर शेवट अधिक निर्मळ झाला असता. मात्र एक गोष्ट काप्राने कटाक्षाने पाळली आहे. तार येण्याआधीच टोपली भरत आलेली असते. आणि पॉटरला पश्चात्ताप होत नाही. आठ हजार डॉलर तो परत करत नाही आणि त्याला शिक्षाही होत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा या चित्रपटाला हृदयपरिवर्तनाच्या चित्रपटांत बसवता येत नाही.

प्रारंभी हा चित्रपट आपला खर्चही वसूल करू शकला नाही. १९७४ मध्ये त्याच्या मालकीहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले, आणि कोणालाही दाम न देता तो दूरचित्रवाणीवर दाखवता येऊ लागला. तेव्हा कुठे तो दर नाताळात अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला आणि लोकांचा झाला. लोकप्रियता सिद्ध झाल्यावर, १९९३ मध्ये, मालकांना आपल्या हक्कांची पुन्हा आठवण झाली. पॉटरला हे वाचून समाधान वाटले असते.

आता आक्षेपाकडे वळावयाचे. देवदूत जॉर्जला जे गाव दाखवतो त्याचे नाव पॉटर्सव्हिल झालेले आहे. जॉर्ज नाही म्हणून पतसंस्था नाही, पतसंस्था नाही म्हणून घरे नाहीत, आणि माणसे एकमेकांना ओळखेनाशी झाली आहेत. चांगल्या माणसाचे महत्त्व सांगणारा हा भाग आहे, असे सगळे मानतात. पण कार्यकर्त्याच्या नजरेने पाहिले तर हीच त्या संस्थेची सर्वांत गंभीर टीका आहे. वर्षानुवर्षे चाललेली सभासदांची संस्था एका माणसाच्या असण्यानसण्यावर उभी असेल, तर ती संस्था म्हणावी की घराणे? पुढचा इतिहासही हेच सांगतो. १९८० आणि १९८२ च्या कायद्यांनी अमेरिकेतील या पतसंस्थांवरची बंधने सैल केली. घरकर्जाचा साधा व्यवसाय सोडून त्यांतील कितीतरी संस्था जमिनीच्या आणि इमारतींच्या सट्ट्यात उतरल्या. १९८६ ते १९९५ या काळात एक हजाराहून अधिक संस्था बुडाल्या आणि करदात्यांच्या माथी सुमारे १२४ अब्ज डॉलरांचा बोजा पडला. त्यांच्या कार्यालयांतही कधीकाळी एखादा जॉर्ज बेली बसलेला असेल. महाराष्ट्रात सहकारी पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी हेलपाटे घालणारी म्हातारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणजे चांगुलपणा खरा असूनही पुरा पडत नाही. तो माणसाच्या अंगातून निघून नियमांत, सभासदांच्या देखरेखीत, हिशेबाच्या वहीत उतरावा लागतो. भारतीय चित्रपटांनी या प्रश्नाचे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रभातचा ‘शेजारी’ १९४१ चा. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामबापूंचे. एका गावात हिंदू आणि मुसलमान अशा दोन म्हाताऱ्यांची जिवाभावाची मैत्री असते. धरणाचा प्रकल्प घेऊन आलेला भांडवलदार ती मोडतो, आणि दोघांचे हात पुन्हा एकत्र येतात ते मरतानाच. शेजारधर्म कितीही जुना असला तरी पैसा आणि मतलब घेऊन आलेल्या माणसापुढे तो नुसता टिकत नाही, हे त्या चित्रपटाने फाळणीच्या सहा वर्षे आधी सांगून ठेवले.

राज कपूरच्या ‘श्री ४२०’ मध्ये, १९५५ साली, ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे या लेखकांनी हाच प्रश्न मुंबईच्या फुटपाथवर आणून ठेवला. शंभर रुपयांत घर देण्याचे आमिष दाखवून एक शेठ गरिबांना लुबाडतो. शेवटी नायक लोकांना सांगतो की शंभर रुपयांत एकेकट्याला घर मिळणे शक्य नाही, पण सर्वांचे शंभर-शंभर एकत्र राहिले तर सर्वांची घरे उभी राहतील. फसवणुकीसाठी गोळा केलेला पैसा जिथे होता तिथेच आहे. त्याची मालकी तेवढी बदलावयाची आहे. बेडफर्ड फॉल्सची पतसंस्था आणि हा फुटपाथ यांत फारसे अंतर नाही. गाण्यांच्या नादात हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातून निसटतो.

‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाचे नाते तर थेट महाराष्ट्राच्या मातीशी आहे. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. पंतप्रतिनिधींच्या राजवटीत मॉरिस फ्रिडमन या गांधीवादी पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने तो १९३९ मध्ये सुरू झाला. खुनाची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना घेऊन एक तुरुंगाधिकारी पडीक जमिनीवर जातो आणि त्यांच्याकडून शेत उभे करून घेतो. या चित्रपटाला बर्लिनमध्ये पारितोषिक मिळाले, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्यातली प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. प्रार्थनेमुळे हा चित्रपट नीतिपाठाच्या खात्यात जमा झाला, हे त्याचे दुर्दैव.

वस्तुतः त्याचा कळसाचा प्रसंग भाजीबाजारातला आहे. कैदी आपला भाजीपाला स्वतः बाजारात नेतात आणि वाजवी भावाने विकतात. मध्ये दलाल नसल्यामुळे त्यांना तो भाव परवडतो. गिऱ्हाइके त्यांच्याकडे वळतात आणि व्यापाऱ्यांचे पित्त खवळते. व्यापारी गुंड घालून त्यांना मारहाण करवतात. हात न उचलण्याचे वचन दिलेले ते सहा खुनी निमूटपणे मार खातात. बाजारातील व्यवस्थेला सुधारलेला गुन्हेगार चालतो. स्वस्त विकणारा उत्पादक चालत नाही. हे दाखवणारा दिग्दर्शक भाबडा नव्हे. तुरुंगाधिकारी अखेर मारला जातो आणि ते सहा जण त्याच्या माघारी शेत राखतात. मात्र त्याचे दोन डोळे अजूनही पाहत आहेत, या जाणिवेच्या धाकात ते राखतात. वहीची जागा डोळ्यांनी घेतली आहे. प्रेक्षक गहिवरतो तो इथेच, आणि शंका घ्यावयाची जागाही हीच.

आता पुन्हा डिसेंबर १९४६ कडे जावे लागेल. काप्राचा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला त्याच्या सहा दिवस आधी, १४ डिसेंबरला, गुजरातेत आणंद येथे खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्याच वर्षी जानेवारीत समरखा गावच्या सभेत शेतकऱ्यांनी ठराव केला होता की मुंबईला दूध पुरवण्याचा मक्ता मिळालेल्या पोल्सन डेअरीला दूध घालावयाचे नाही. पंधरा दिवस त्यांनी दूध रोखले. वल्लभभाई पटेलांचा सल्ला त्यांच्या पाठीशी होता; मोरारजी देसाई सभेला आले होते; त्रिभुवनदास पटेल गावोगाव पायी फिरले. आरंभी दोन गावांच्या सोसायट्या आणि दिवसाला सुमारे अडीचशे लिटर दूध, एवढेच भांडवल. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना पडद्यावर जे दिसणार होते, ते आणंदला नोंदणीच्या कागदावर आलेले होते.

तीस वर्षांनी, १९७६ मध्ये, या चळवळीवर श्याम बेनेगल यांनी ‘मंथन’ काढला. पाच लाख दूध उत्पादकांनी दुधाच्या पैशातून प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाखांत चित्रपट झाला. निर्माते म्हणून पडद्यावर त्या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख येतो. जगातील कोणत्या चित्रपटाला एवढे भागधारक लाभले असतील? पहिल्या कसोटीचे उत्तर इथे चित्रपट सुरू होण्यापूर्वीच मिळते. प्रदर्शनाच्या वेळी शेतकरी ट्रक भरभरून तो पाहावयास आले, कारण तो त्यांचा होता. व्हर्गीस कुरियन आणि बेनेगल यांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, कैफी आझमींचे संवाद, गोविंद निहलानींचे छायालेखन, आणि बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील. महाराष्ट्राचा या चित्रपटावर एवढा हक्क निश्चितच आहे.

तेंडुलकरांचे नाव असल्यावर गोडगोड माणुसकीची अपेक्षा कोणी करणार नाही. डॉ. राव हा जनावरांचा डॉक्टर सोसायटी काढावयास गावात येतो. खाजगी डेअरीवाला मिश्रा कमी भाव देऊन लोकांना लुटतो आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही लोक रावकडे वळत नाहीत. दलित वस्तीतला भोला तर त्याच्याकडे उघड द्वेषाने पाहतो. शहरातून आलेल्या साहेबाने आपल्या आईचे काय केले ते त्याला माहीत आहे. गाव म्हणजे एकजीव समाज, ही शहरी माणसाची गोड समजूत हा चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात मोडून टाकतो. सोसायटी निघते, मग तिच्या निवडणुकीत दलितांचा उमेदवार सरपंचाला हरवतो, मग दलित वस्ती पेटते. लोकशाहीने दिलेला निकाल पचला नाही की गाव काय करते, हे १९७६ मध्ये खरे होते आणि त्यानंतरही ते खोटे ठरल्याचे दिसत नाही.

शेवटी रावची बदली होते. बिंदूच्या अंगठ्याचा उपयोग करून त्याच्यावर खोटा आळ आणला जातो, वरचे अधिकारी त्याला परत बोलावतात, आणि तो गाडीत बसून निघून जातो. भोला धावत स्टेशनवर येतो, पण गाडी गेलेली असते. कितीतरी चित्रपट इथे थांबले असते आणि प्रेक्षकांना त्यागमूर्ती डॉक्टरासाठी रडवून घरी पाठवले असते. बेनेगल आणि तेंडुलकर थांबले नाहीत. भोला परत फिरतो आणि सोसायटी आपलीच आहे, ती आपणच चालवावयाची, असे म्हणत लोकांना गोळा करू लागतो. केंद्रावर दुधाची भांडी घेऊन पुन्हा रांग लागते. जॉर्ज बेली गेला असता तर पॉटर्सव्हिल झाले असते. राव गेला आणि सोसायटी राहिली, आणि ती राहिली ती ज्याने आरंभी तिचा सर्वांत अधिक द्वेष केला त्याच्या हातून.

या शेवटाविषयी कोणी म्हणेल की हाही आशावादच आहे. आहेच. पण त्याची किंमत पेटलेल्या घरांत आणि एका बाईच्या अंगठ्यात चुकती केलेली आहे, आणि रांगेत किती माणसे परत आली ते पडद्यावर मोजता येते. मूठभरच आहेत. तेवढीच दाखवण्याचा संयम चित्रपटाने ठेवला आहे.

२०२४ च्या मे महिन्यात ‘मंथन’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेनेगल गेले. महोत्सवात वाजलेल्या टाळ्या योग्यच होत्या. परंतु अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवावयाचा झाला तर कार्यकर्त्यांनी एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवावी. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत कुरियन यांनी या चित्रपटाच्या छोट्या प्रती काढून ज्या गावांत सोसायट्या नव्हत्या त्या गावांत पाठवल्या. प्रतीबरोबर नट किंवा दिग्दर्शक जात नसत. एक जनावरांचा डॉक्टर, एक दुधाचा तंत्रज्ञ आणि एक चाऱ्याचा जाणकार असे तिघे जात. चित्रपट संपला की ते गावकऱ्यांत बसून सोसायटी कशी काढावयाची ते सांगत.